भिंतीवर लिहिलंय ते नेमणूकपत्रात लिहा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात कामाला लागले. भरतीच्या दिवशी आयटीआय झालेली मुलं गेटबाहेर जमत. अर्ज आत देण्याआधी ती समोरच्या चहाच्या टपरीवर आमच्या कामगारांना गाठत आणि तीन प्रश्न विचारत. पगार कितव्या तारखेला होतो? ओव्हरटाइम डबल मिळतो का? आणि पर्मनंट कधी करतात? उत्तरं पटली तर अर्ज आत यायचा, नाहीतर मुलं शेजारच्या गेटकडे वळायची. आमच्या कारखान्याचं नाव त्या टपरीवर ठरत होतं. त्या नावावर आमच्या मालकाचा ताबा नव्हता. ते कमवायचं असेल तर एकच वाट होती: सात तारखेला पगार करायचा.

पुढे मी हिंजवडीला गेले आणि आयटी कंपन्यांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढली. तिथे या नावाला 'एम्प्लॉयर ब्रँड' म्हणतात, आणि ते सांभाळायला वेगळा विभाग, वेगळं बजेट आणि बाहेरची एजन्सी असते. एचआरच्या परिषदांमध्ये आता एक प्रतिपादन इतक्या वेळा होतं की त्याला कुणी आव्हानही देत नाही. ते थोडक्यात असं: आजची हुशार मुलं पगाराकडे पाहून येत नाहीत, कंपनीच्या ओळखीकडे पाहून येतात. म्हणून कंपनीने आपली गोष्ट नीट सांगावी, कर्मचाऱ्यांनाच आपले दूत बनवावं, मानांकनं मिळवावीत, आपण एक कुटुंब आहोत ही भावना रुजवावी. असं केलं की माणसं येतात आणि टिकतात.

हे प्रतिपादन चुकीचं आहे असं माझं मत आहे. मी ते बाहेरून मांडत नाही. अशा मोहिमांच्या बैठकांना मी बसले आहे, त्यांचे मसुदे तपासले आहेत. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला माझं कर्तव्य वाटतं.

सुरुवात मूळ कल्पनेपासून करू, कारण मूळ कल्पना वाईट नव्हती. टिम अँब्लर आणि सायमन बॅरो या दोन ब्रिटिश लेखकांनी १९९६ मध्ये 'एम्प्लॉयर ब्रँड' या संकल्पनेवर शोधनिबंध लिहिला. त्यांच्या मते हा ब्रँड म्हणजे नोकरीतून माणसाला मिळणाऱ्या तीन प्रकारच्या लाभांची गोळाबेरीज: कामातून होणारी वाढ, पैसा, आणि मनाला मिळणारं समाधान. या तिन्हींमुळे माणसाच्या मनात त्या कंपनीची ओळख तयार होते. या व्याख्येत जाहिरात नाही, घोषवाक्य नाही. आधी लाभ आहेत, मग ओळख.

आपल्याकडे गेल्या दशकभरात या व्याख्येतले पहिले दोन लाभ गळाले आणि तिसराच उरला, तोही अर्धवट. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मिळणारा खोका घ्या: टी-शर्ट, बाटली, वही, रोपटं. त्याचा फोटो काढून समाजमाध्यमावर टाकण्याची विनंती त्याच दिवशी केली जाते. ऑफिसच्या भिंतीवर 'आम्ही माणसं जपतो' असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं असतं. खोक्याला माझा आक्षेप नाही. पण ज्याने अजून एकही पगार घेतलेला नाही, एकाही रात्री उशिरापर्यंत काम केलेलं नाही, आजारी पडून एकही रजा मागितलेली नाही, त्या माणसाकडून कंपनी चांगली असल्याची साक्ष घेतली जाते, याला माझा ठाम आक्षेप आहे. अनुभवाआधी घेतलेली साक्ष खोटी नसेल, पण ती पोकळ असते.

आता मुख्य दाव्याकडे येते: ब्रँडमुळे माणसं टिकतात. हा दावा तपासायला आपल्याकडे चांगला पुरावा आहे, कारण मोठ्या आयटी कंपन्या गळतीचे आकडे दर तिमाहीला जाहीर करत आल्या आहेत. मागच्या बारा महिन्यांच्या हिशेबाने इन्फोसिसची स्वेच्छेने होणारी गळती जून २०२२ मध्ये २८.४ टक्के होती. दोन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, ती १२.७ टक्क्यांवर आली. टीसीएसचा आकडा सप्टेंबर २०२२ मध्ये २१.५ टक्के होता, तो जून २०२४ मध्ये १२.१ टक्के झाला. दोन वर्षांत गळती निम्म्याच्या आसपास आली. या काळात या कंपन्यांची नावं बदलली नव्हती, त्यांचा लौकिक दुप्पट झाला नव्हता. बदलला होता तो बाजार. २०२१-२२ मध्ये बाहेर नोकऱ्यांचा पूर आला होता, तेव्हा माणसं गेली. २०२३ नंतर बाहेर मागणी आटली, तेव्हा माणसं थांबली. थांबलेल्या माणसाला 'टिकलेला' म्हणून मोजायचं आणि त्याचं श्रेय मोहिमेला द्यायचं, हा सरळ चुकीचा हिशेब आहे. पाऊस थांबल्यावर छत गळायचं थांबतं, म्हणून छताची दुरुस्ती झाली असं कुणी म्हणत नाही.

दुसरा दावा: नव्या पिढीला पैशापेक्षा अर्थपूर्ण काम हवं असतं. अर्थपूर्ण काम सगळ्यांनाच हवं असतं. भोसरीतल्या फिटरलाही आपण बनवलेला भाग मशीनवर चपखल बसला की आनंद व्हायचा. पण 'पैशापेक्षा' हा शब्द ज्यांनी पैसे द्यायचे आहेत त्यांच्या तोंडून आला की मी सावध होते. आयटीतल्या नवख्या इंजिनिअरचा पगार दीड दशक वर्षाला सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपास अडकून आहे. याच काळात महागाई कुठे गेली? २०१२ सालच्या किमतींना १०० धरणारा ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ च्या अखेरीस १९५ च्या घरात होता. म्हणजे त्याच आकड्याच्या पगारात आज जवळपास निम्मंच सामान येतं. त्यातून वाकडला किंवा बाणेरला एका खोलीचं भाडं भरून मुलगा महिनाअखेरीला घरून पैसे मागवतो. त्याला अर्थपूर्णतेचं प्रवचन देण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

तो साडेतीन लाखांचा आकडाही सीटीसीचा, म्हणजे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी असतो, विम्याचा हप्ता असतो, मिळेलच याची खात्री नसलेला व्हेरिएबल असतो आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी असते. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. तीन वर्षांनी सोडणाऱ्या मुलाला त्यातला रुपयाही दिसत नाही, पण देकाराच्या पत्रात ती रक्कम पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर मांडलेली असते. हे कायद्याबाहेरचं नाही. पण ज्या कागदावर कंपनीची पहिली ओळख होते त्याच कागदावर न मिळणाऱ्या पैशाची बेरीज करून दाखवणारी कंपनी 'पारदर्शकता हे आमचं मूल्य' असं भिंतीवर लिहिते, तेव्हा भिंत आणि कागद यांतलं कोण खरं बोलतंय, हे मुलांना तिसऱ्या महिन्यातच कळतं.

पारदर्शकतेची आणखी एक कसोटी भरतीच्या जाहिरातीतच असते. नोकरीच्या संकेतस्थळांवर पगाराच्या जागी 'नॉट डिस्क्लोज्ड' लिहिलेलं असतं. मुलाखतीनंतर मात्र उमेदवाराकडून मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागितल्या जातात. एका बाजूने पत्ते झाकायचे आणि दुसऱ्याला उघडायला लावायचे, यातून ठरतो तो पगार कामाचा नसतो, गरजेचा असतो. ज्याला पहिल्या नोकरीत कमी मिळालं त्याला प्रत्येक नोकरीत कमी मिळत राहतं. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांना याचा फटका सगळ्यात जास्त बसतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

तिसरा दावा मला सगळ्यात जास्त लागतो: आम्ही एक कुटुंब आहोत. कुटुंबातून माणसाला काढता येत नाही. कंपनीतून काढता येतं, आणि कधीकधी काढावंही लागतं. म्हणूनच हा शब्द वापरू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांच्या देकारावर थांबलेल्या नवख्या मुलांना साडेतीन लाखांवर रुजू होता का, असं विचारलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातल्या ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना बाहेर पडावं लागलं. तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. यातली बरीच मुलं २०२२ चं देकारपत्र हातात धरून दोन वर्षांहून अधिक काळ थांबलेली होती. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं 'टॉप एम्प्लॉयर' हे जागतिक प्रमाणपत्र मिळवत आलेली ही कंपनी. 'टाटांची नोकरी म्हणजे आयुष्याची नोकरी' ही मराठी मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांची समजूत त्या दिवशी हलली.

या निर्णयांमागे धंद्याची कारणं असतील. त्यांचा निवाडा मी इथे करत नाही. मुद्दा शब्दाचा आहे. कुटुंबाची भाषा वापरली की माणूस कुटुंबात वागतो तसा वागतो: तास मोजत नाही, हक्क मागत नाही, न सांगता जास्तीचं ओझं उचलतो. आणि निरोपाची वेळ आली की कंपनी करारात वागते तशी वागते. एकाने नात्याने द्यायचं आणि दुसऱ्याने कराराने घ्यायचं, याला भावनिक बंध म्हणत नाहीत. ही फसवणूक आहे, मग ती कुणाच्या मनात नसली तरी.

माणसं टिकवण्याची खरी साधनं काय आहेत, हे करारात शोधा. नव्वद दिवसांची नोटीस. ती विकत घेऊन लवकर सुटायचं तर कंपनीची मर्जी, आणि कंपनीला मात्र पैसे देऊन आजच्या आज मोकळं करता येतं. जॉइनिंग बोनस, जो वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा. प्रशिक्षणाचा बाँड. रिलीव्हिंग लेटर अडवून धरणं. बाँड घेणं बेकायदेशीर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची आणि दोन लाखांच्या भरपाईची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरतीचा खर्च असतो, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण ज्या माणसाला बाँडने बांधलंय, तो आमच्यावरच्या प्रेमापोटी थांबलाय असं व्यासपीठावर सांगू नये.

मला इथे बीड-नगरच्या ऊसतोडीतली उचल आठवते. हंगामाआधी मुकादम जोडप्याला एकरकमी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ते जोडपं त्याच्याशी बांधलेलं राहतं. हिंजवडीतला इंजिनिअर आणि फडातलं जोडपं यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुःखाची तुलना मी करत नाही, व्यवहाराच्या रचनेची करते. आधी पैसे देऊन नंतरचं स्वातंत्र्य बांधून घेण्याची ही रचना आपल्या मातीत जुनी आहे आणि तिला आपण कधीच 'नातं' म्हटलेलं नाही. मुकादमही म्हणत नाही.

चौथा दावा मानांकनांचा. 'काम करायला उत्तम जागा' अशी प्रमाणपत्रं कंपन्या मिळवतात, त्यांची बोधचिन्हं ईमेलच्या तळाशी लावतात. या प्रमाणपत्रांसाठी ज्या कंपनीची तपासणी व्हायची तीच कंपनी तपासणाऱ्या संस्थेला फी देते. सर्वेक्षणात कर्मचाऱ्यांची नावं गुप्त राहतात हे खरं. पण सर्वेक्षणाच्या आठवड्यात मॅनेजर टीमला बोलावून 'आपल्या सगळ्यांच्या भल्यासाठी विचार करून भरा' असं सांगतात, तेव्हा गुप्ततेचा अर्थ काय उरतो? मी ज्या कंपनीत होते तिथे हे झालं. तेव्हा मी गप्प बसले, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

सोडून जाणाऱ्यांच्या मुलाखतींचंही तेच. फॉर्ममध्ये कारणांची ठरलेली यादी असायची: चांगली संधी, उच्च शिक्षण, वैयक्तिक कारण. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या एका टीम लीडचा प्रोजेक्ट ती रजेवर असताना काढून घेतला गेला होता आणि नव्या कामात रोज रात्री साडेदहाला अमेरिकेबरोबरचा कॉल होता. तिने सहा महिन्यांत राजीनामा दिला. फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' असा शिक्का बसला. वर्षअखेरीच्या अहवालात तिची गोष्ट त्या रकान्यात गडप झाली आणि त्या अहवालावर विसंबून पुढच्या वर्षी मातांना जपणारी कंपनी म्हणून आमची मोहीम निघाली. तो रकाना भरणारा हात माझा होता. ब्रँडला चुकीची माहिती पुरवणारं खातं तेच होतं ज्याने खरी माहिती वर पोचवायची होती. ही एका कंपनीची गोष्ट नाही, रचनेची आहे. जे खातं गळतीचं कारण शोधतं, त्याच खात्यावर कंपनी चांगली दाखवण्याची जबाबदारी टाकली की दुसरं काम पहिल्याला गिळतं.

बोधचिन्ह आणि वास्तव यांत किती अंतर असू शकतं, हे पुण्याने २०२४ मध्ये पाहिलं. एका बहुराष्ट्रीय हिशेबतपासणी कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या तरुणीचा मृत्यू झाला आणि आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कंपनीने आरोप नाकारला. मृत्यूचं कारण ठरवायचा मला अधिकार नाही, पण नंतर कामगार खात्याने जे सांगितलं ते नोंदवलंच पाहिजे. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. हाच तो कायदा, ज्याने महाराष्ट्रात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. सतरा वर्षं. या सतरा वर्षांत त्या दारातून किती तरुण मुलं देकारपत्र घेऊन आत गेली असतील. कंपनीच्या नावाची चौकशी सगळ्यांनी केली असेल, कार्यालयाच्या नोंदणीची कुणीच केली नाही. आम्हा एचआरवाल्यांनीही नाही.

ब्रँडिंग शेवटी कुठवर जाऊ शकतं याचं उदाहरण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिसलं. घरी जाऊन सौंदर्यसेवा देणाऱ्या 'येस मॅडम' या कंपनीचा एक ईमेल पसरला: सर्वेक्षणात ज्यांनी खूप ताण असल्याचं सांगितलं, त्यांना कामावरून कमी केलंय. लोक संतापले. मग कंपनीने खुलासा केला की कुणालाही काढलेलं नाही, कामाच्या ताणाकडे लक्ष वेधण्यासाठी हे केलं होतं, आणि माफी मागितली. माणसाच्या नोकरी जाण्याच्या भीतीचं प्रसिद्धीसाठी साधन करावंसं कुणाला तरी वाटलं आणि ते मंजूरही झालं. ताणाबद्दल खरं सांगण्याची किंमत काय असू शकते, हे त्या दिवशी देशातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनावर कोरलं गेलं. पुढचं प्रत्येक सर्वेक्षण भरताना त्याला ते आठवणार आहे.

माझे सहकारी यावर विचारतील: मग कंपन्यांनी स्वतःबद्दल बोलूच नये का? प्रश्न रास्त आहे. बोलावं. आपल्याकडे तशी परंपराही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली, आणि १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची ओळख करून देणाऱ्या त्या पत्रातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. पण क्रम पाहा. आधी माळावर घरं आणि काम उभं राहिलं, दहा वर्षांनी त्याची खबर निघाली.

जमशेदपूरचंही तेच. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्याने १९४६ मध्ये आली, म्हणजे टाटांच्या आठ तासांनंतर तीन दशकांहून अधिक काळाने. तरीही त्या कारखान्यात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये संप झाले. चांगल्या मालकाकडेही कामगाराला संघटित होऊन मागावं लागलं, आणि त्या मागण्यांतूनच कारखान्याचं नाव घडत गेलं. आपली रविवारची सुट्टीसुद्धा कुणा गिरणीमालकाच्या लौकिकातून आलेली नाही. ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यातून १० जून १८९० रोजी मिळाली. आज काही कंपन्या सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा, पाळणाघर आणि भविष्य निर्वाह निधी 'आमचे खास लाभ' म्हणून छापतात. रजा आणि पाळणाघर २०१७ च्या कायदादुरुस्तीने बंधनकारक केलं. कायद्याने दिलेली गोष्ट भेट म्हणून सांगू नये.

आणखी एक गोष्ट मान्य करते. कर्मचाऱ्यांनी नाव न देता अनुभव लिहायची सोय करणाऱ्या संकेतस्थळांमुळे टपरीवरचे तीन प्रश्न पुन्हा विचारता येऊ लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण तिथेही कंपन्या खुशीची परीक्षणं लिहून घेऊ लागल्या, आणि टपरीची जागा पुन्हा जाहिरातीने व्यापली.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात: भिंतीवर जे लिहिलंय ते नेमणूकपत्रात लिहा. साबणाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नोकरी शोधणारा ग्राहक नसतो, त्याला ते संरक्षण नाही. त्याच्याकडे एकच कागद असतो. 'काम आणि घर यांचा समतोल' हे तुमचं मूल्य असेल तर दिवसाचे तास त्या कागदावर लिहा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करण्याला मान्यता दिली. तुमचं मूल्य खरं असेल तर कायदा सैल झाल्यावरही नऊच लिहा. 'आम्ही विश्वासावर चालतो' म्हणत असाल तर दोन्ही बाजूंची नोटीस सारखी ठेवा. 'आम्ही पारदर्शक आहोत' म्हणत असाल तर जाहिरातीत पगाराचा पट्टा छापा आणि मागच्या पगाराच्या पावत्या मागणं बंद करा. हे अशक्य नाही. बफर या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्येच आपल्या सगळ्यांचे पगार जाहीर केले. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने पगाराचा पट्टा आधी सांगणं बंधनकारक केलं आणि जुना पगार विचारायला मनाई केली. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली. पुण्यातल्या अनेक कंपन्यांची मुख्य कार्यालयं याच देशांत आहेत. जे बर्लिनच्या कार्यालयात करावं लागणार ते बालेवाडीत करायला कुणी अडवलेलं नाही.

एचआरमधल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीचं बजेट मांडताना मोहिमेचे पैसे आधी त्या रकान्यांकडे वळवा जिथे खरी कारणं गडप होतात. सोडून गेलेल्या माणसाशी सहा महिन्यांनी, त्याचं रिलीव्हिंग लेटर त्याच्या हातात असताना बोला. तेव्हा तो खरं सांगेल. ते वरपर्यंत न्या. त्यासाठी आपल्याला खुर्ची मिळाली आहे.

आणि पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी टपरी अजून आहे, फक्त ती शोधावी लागते. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून दरवर्षी 'बीआरएसआर' नावाचा अहवाल द्यावा लागतो. तो वार्षिक अहवालाबरोबर फुकट वाचता येतो. त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचा तीन वर्षांचा दर असतो, स्त्री-पुरुषांचे मध्यम पगार असतात, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्यांपैकी किती जणी टिकल्या हे असतं. खोक्याचा फोटो टाकण्याआधी तो अहवाल उघडा. मग मुलाखतीत तीन प्रश्न विचारा: हातात नक्की किती येईल? रोजचे तास किती, ते पत्रात लिहून द्याल का? आणि माझ्याआधी या जागेवर जो होता तो का गेला? भोसरीच्या गेटवर अठरा वर्षांची आयटीआयची मुलं हे विचारायला लाजत नव्हती. तुम्हीही लाजू नका. ज्या कंपनीला या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं देता येतात, तिला ब्रँडची गरज नाही. जिला देता येत नाहीत, तिच्या भिंतीवर काहीही लिहिलेलं असो, शेजारच्या गेटकडे वळा.